जोत्यापासून आढ्यापर्यंत

पार्ल्याच्या फलाटावर उतरल्यावर पूल नेमका समोर यावा म्हणून कुठल्या डब्यात बसायचे हे ज्याला विचारावे लागत नाही तो खरा पार्लेकर, असे आमचे वडील म्हणत. मला पुण्यात राहायला लागून आता तीस वर्षे झाली. त्यामुळे गेल्या एप्रिलच्या अखेरीस दादरला गाडी बदलून मी पार्ल्याला पोचलो तो अगदी भलत्या टोकाला. सबंध फलाट तुडवत पुलाशी आलो आणि मनाशी म्हटले, चला, निदान या कसोटीवर तरी आपला आणि या गावाचा संबंध सुटला आहे. आता सही करायला हरकत नाही.

सही ज्यावर करायची तो कागद खांद्यावरच्या पिशवीत होता. आजोबांनी १९३२ साली बांधलेले आमचे घर एका बांधकाम-व्यावसायिकाच्या हवाली करायचे, त्याने ते पाडून शेजारच्या दोन प्लॉटांसकट त्या जागी इमारत उठवायची आणि आम्हा तिघांना तीत तीन बिऱ्हाडांपुरत्या जागा द्यायच्या, असा तो करार. तिघे म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, मी आणि आत्या. चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याची सही केव्हाच होऊन आली होती. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. याच घरात जन्मली, इथूनच शाळेत शिकवायला गेली, इथेच निवृत्त झाली. तिला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तू केलीस की मी करीन." उत्तर वरवर किती सोपे! पण तीन महिने ते माझ्या उशाखाली खड्यासारखे टोचत होते.

पूर्वी डोळे मिटून बसले तरी पार्ले आल्याचे कळे. बिस्किटांचा भाजका, गोडसर वास गाडीच्या दारातून आत शिरे आणि शाळकरी पोरांच्या पोटात उगीचच भूक उठे. २०१६ साली त्या कारखान्यातले उत्पादन थांबले आणि गावाचा वास गेला. बाकी पुष्कळसे आहे. टिळक मंदिर आहे, पार्लेश्वराचे देऊळ आहे, आणि बाजारात भाजीवालीशी शुद्ध मराठीत घासाघीस करणाऱ्या बायका अजून आहेत.

आमच्या आजोबांसारख्या माणसाला पार्ल्यात घर कसे परवडले याचे नव्या पिढीला नवल वाटते. ते कोटातल्या एका कचेरीत कारकून होते. पण हे गाव मुळी त्यांच्यासारख्यांनीच वसवले. १८९६ च्या प्लेगने गिरगावच्या चाळींत राहणाऱ्यांना प्रथम मोकळ्या हवेची किंमत शिकवली. रेल्वे तर १८६७ पासूनच विरारहून उतारू आणीत होती. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि पार्ल्याला राहून कोटात नोकरी करणे हा वेडेपणा राहिला नाही. तोवर इथे येऊन राहिलेल्या मंडळींनी १९२१ साली टिळकांच्या नावाने शाळा काढली होती, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. आधी शाळा, मग व्याख्याने, मग गटारे, असा या गावाचा क्रम! पु. ल. देशपांडे याच शाळेतले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पार्ल्यात पडली, तेव्हा आजोबा संध्याकाळी ती पाहायला जात आणि सकाळी साडेआठची गाडी पकडून साहेबाच्या कचेरीत जात. पगार सोडवला नाही आणि छावणीही सोडवली नाही, असे ते पुढे स्वतःच हसून सांगत. दोन वर्षांनी त्यांनी घर बांधले.

घर म्हणजे बंगला नव्हे. तो शब्द आजोबांना आवडत नसे. तळमजला आणि वर एक माडी. पुढे ओटी, मग दिवाणखाना, माजघर, अंधारे स्वयंपाकघर आणि मागे पडवी. भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, खिडकीच्या चौकटीत मूल मांडी घालून बसेल एवढ्या जाड. माडीला ब्रह्मी सागाच्या तुळया. वर मंगळुरी कौले. ही कौले बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला पाडायला सुरुवात केली आणि पुढे साऱ्या पश्चिम किनाऱ्याने ती डोक्यावर घेतली. दिवाणखान्यात मात्र आजोबांनी हौस केली. १९२२ साली स्वदेशीच्या भरात मुंबईत निघालेल्या भारत फ्लोअरिंग्जच्या नक्षीदार फरश्या घातल्या. हिरव्या पानांची वेल आणि कडेला तांबडी चौकट. त्या वेलीवरून आगगाडी चालवीत आम्ही भावंडे लहानाची मोठी झालो.

आणि डोक्यावर विमाने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन शेजारच्या जुहूला उतरले, त्याच साली आमचे घर उभे राहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझचा विमानतळ आला, वाढला, आणि आता विमान गेले की आत्या बोलता बोलता अर्ध्या वाक्यावर थांबते आणि ते गेल्यावर उरलेले वाक्य पुरे करते. तिच्या मते विमानांनी कौले सरकतात. असेलही. पण याच विमानांनी घर इतकी वर्षे तगवले हे तिच्या ध्यानात नसावे. विमानांच्या वाटेखालच्या भागात इमारतींच्या उंचीला मर्यादा असते. आमच्या गल्लीत चार-पाच बिल्डर येऊन गेले आणि मजल्यांचा हिशेब न जमल्यामुळे परतले. हा कितवा तरी. याने शेजारचे दोन प्लॉट जोडून तो हिशेब जमवला.

सही करण्यापूर्वी मी एक गोष्ट केली, आणि ती शुद्ध हेतूने केली असे मी म्हणणार नाही. रत्नागिरीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घर पाहायला बोलावले. "आता यात काही राम नाही" असे एका जाणत्या माणसाने तोंडाने म्हणावे आणि माझी मान मोकळी व्हावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

मिस्त्री सकाळी आले. खिशात पेचकस आणि हातात छोटी हातोडी. घरात पाऊल टाकण्यापूर्वीच ते अंगणात थबकले आणि ओटीच्या पायऱ्या मोजल्या.

"साहेब, या तीनच कशा? एवढ्या जोत्याला पाच पायऱ्या हव्यात."

"पाचच होत्या," मी म्हणालो. "दोन खाली गेल्या."

त्या खाली कशा गेल्या हे मला चांगले ठाऊक होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी आमच्या अंगणातले पाणी चौथ्या पायरीपर्यंत चढले आणि पाचवीवर न येता उतरले. आजोबांनी जोते उंच का बांधले ते त्या दिवशी कळले. आणि कळल्यावर मी काय केले? पुन्हा चिखल नको म्हणून सबंध अंगणावर हातभर भराव घालून काँक्रीट ओतून घेतले! जोते बुटके झाले ते माझ्या पैशाने.

मिस्त्री वर माळ्यावर गेले. मी शिडी धरून उभा. पेचकस लाकडात खुपसल्याचा आवाज येई आणि मग, "हे बरं आहे." पुन्हा खट्. "हेही बरं आहे." अर्ध्या तासाने ते कोळिष्टके झटकत खाली आले. आढे सरळ होते, कैच्या जागच्या जागी होत्या. फक्त मागल्या पाख्यावरच्या चार वाशांची टोके कुजली होती, आणि तीही पन्हळ पानांनी तुंबून पाणी मागे फिरल्यामुळे. कौलांतली दोनेकशे फुटली होती. बाकीची काढून, घासून, पुन्हा चढवता येतील. "लाकूड ब्रह्मी आहे साहेब. तुमच्या-आमच्या नंतरही राहील."

मला जे ऐकायचे होते ते हे नव्हे. मी त्यांना मागल्या भिंतीकडे नेले. तिथे माझी खात्री होती. ती भिंत दहा-पंधरा वर्षे पोपडे टाकत होती. रंग द्यावा, सहा महिन्यांत फुगे. एका दाराच्या चौकटीला वाळवी. स्वयंपाकघरात ओलसर कुबट वास. घर म्हातारे झाले याचा माझ्या दृष्टीने हाच पुरावा होता.

मिस्त्रींनी हातोडीने भिंत वाजवली. पोकळ आवाज आला. मग तळहाताएवढा गिलावा उडवला आणि मला बोट लावायला सांगितले. आतली वीट गार आणि ओली होती. तिच्यावर पांढरा लोणा फुलला होता.

"एप्रिल आहे साहेब. हे पाणी कुठल्या पावसाचं?"

मी गप्प. त्यांनीच पुढे विचारले, "सिमेंट कधी मारलं?"

१९९८ साली. वडील गेल्यावर मी हौसेने घराची दुरुस्ती काढली होती. चुन्याचा जुना गिलावा भुरभुरतो म्हणून सगळा खरवडून काढला, वर सिमेंटचा घट्ट हात दिला आणि त्यावर झकास चकचकीत रंग. पंधरा दिवसांत काम फत्ते. शेजारी येऊन कौतुक करून गेले. त्या दुरुस्तीचा मला इतका अभिमान की आत्याने "भिंती गरम लागतात रे" म्हटले ते मी कानाआड केले.

मिस्त्रींनी मग पडवीत बसून चहा घेता घेता जे सांगितले ते इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतही आहे. पण त्यांच्या तोंडून ते मला अधिक पटले. जमिनीतली ओल विटांच्या भिंतीत चढतेच. तिला कोणी अडवू शकत नाही. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर येते आणि वाऱ्याने सुकून जाते. गिलावा भुरभुरतो तो भिंतीच्या वतीने झिजतो. दहा-पंधरा वर्षांनी नवा हात द्यायचा की झाले. सिमेंट हे तोंड बंद करते. मग ओल वाट शोधत वर वर चढते, बरोबर क्षार नेते, आणि विटा आतून खात सुटते. भोवतालचे अंगण उंचावले की तिला आणखी आयती शिडी मिळते. मोठा गुण सिमेंटच्या अंगी आहे, पण तो या भिंतींच्या कामाचा नव्हे.

आत्या आत गेली आणि आजोबांची जमाखर्चाची वही घेऊन आली. १९३२ च्या पानांवर वीट, रेती, चुना यांच्या गाड्यांमागोमाग गूळ आणि हिरडे यांचाही खर्च मांडला होता. चुना भाजायचा, पाणी घालून विरवायचा, कित्येक दिवस भिजत ठेवायचा, रेतीबरोबर घाणीत मळायचा, आणि गुळाचे, हिरड्याचे पाणी घालून त्याला चिवटपणा आणायचा. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला कर्बवायू सावकाश ओढून घेतो आणि पुन्हा मूळचा चुनखडीचा दगड होतो. म्हणजे आमच्या भिंती ६६ वर्षे हळूहळू दगड होत होत्या आणि मी पंधरा दिवसांत ते थांबवले. गुळाच्या ढेपा दारात उतरताना पाहून शेजारणींनी आजीला "काय हो, लग्न का घरात?" असे विचारले होते, ही गोष्ट आत्याने तिच्या आईकडून ऐकलेली.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी आता जुन्या घराची आरती ओवाळणार. मीही त्या दुपारी त्याच सुरात आलो होतो. ओटीवर झोपाळ्यावर बसून म्हणालो, "आत्या, आपण घर होतं तस्सं करू. अगदी आजोबांच्या वेळचं."

आत्या तांदूळ निवडीत होती. विमान चालले होते, म्हणून थांबली. मग म्हणाली, "तुला घर आठवतं ते मे महिन्याच्या सुट्टीतलं. मला आठवतं ते रोजचं. त्या स्वयंपाकघरात उजेड नाही म्हणून आईनं जन्मभर दिवसाढवळ्या कंदील लावून भाकऱ्या भाजल्या. ते कशाला होतं तसं करायचं? ती पडवीकडची भिंत पाड आणि मोठी खिडकी काढ. आणि न्हाणीघर घरात आण. गेल्या श्रावणात मी त्या दोन पायऱ्यांवरून घसरले, ते तुला कळवलं नव्हतं."

ते खरोखरच मला कळवलेले नव्हते. पुण्याहून दर रविवारी मी फोन करीत होतो आणि दर रविवारी ती "सगळं छान" म्हणत होती.

मोठ्या घराचे कौतुक ज्याला ते झाडावे लागत नाही त्याला जास्त असते. आमच्या घरातल्या पुरुषांनी ओटी, दिवाणखाना आणि माडी यांवर जीव लावला. माजघराच्या पलीकडचे घर बायकांच्या वाट्याला आले आणि त्यांनी ते मुकाट्याने वापरले. १९९५ साली मुंबईत जुन्या इमारती जपण्यासाठी नियमावली झाली, पण आमच्यासारखी घरे अशा कुठल्या यादीत नसतात. ते एका परीने बरेच म्हणायचे. निदान खिडकी काढायला कुणाला विचारावे लागले नाही. महापालिकेची परवानगी घेतली तेवढी पुरली.

मिस्त्रींनी आकडा दिला. छप्पर, मागची भिंत, अंगणाचे काँक्रीट उखडणे, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, सगळे मिळून १९ लाख. मी रात्री न्यू जर्सीला फोन लावला.

"दादा, वाशे चांगले आहेत," मी म्हणालो. एवढे बोललो आणि पुढे काय बोलावे कळेना.

दादा हिशेबी माणूस आहे. म्हणाला, "अरे, १९ लाख घालून शेवटी काय मिळणार? जुनं घरच ना?"

"हो."

"आणि नवी जागा फुकट मिळत होती."

"हो. पण तोवर आत्या कुठे राहणार? तीन वर्षं म्हणतात, चार म्हणून धर. अठ्ठ्याऐंशी होईल ती."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला की आत्या आहे तोवर घराला हात लावायचा नाही हे त्याला कबूल आहे; छप्पर आणि भिंत यांचा तिसरा हिस्सा तो पाठवील; स्वयंपाकघराचे तुमचे तुम्ही पाहा. मी त्याला दोष देत नाही. तो सोळाव्या वर्षी या घरातून गेला आणि भाऊबंदकीच्या ज्या कहाण्या कानावर येतात त्यांच्या मानाने आमचा फोन वीस मिनिटांत आटोपला. न्हाणीघराचे पैसे आत्याने आपल्या पेन्शनच्या ठेवीतून दिले आणि मला पावती दाखवली. करारनामा तेवढा पिशवीतून काढून आजोबांच्या वहीत ठेवला. तो फाडून टाकण्याइतका शूर मी नाही.

मे महिनाभर मी पार्ल्यातच होतो. कौले उतरवली तेव्हा माडीवर एकदम ऊन पडले आणि नव्वद वर्षांची धूळ सोन्यासारखी तरंगू लागली. आत्याने नाकाला पदर लावून खिडकीतून ते पाहिले. जुनी दोनशे कौले जुळवणे हेच मोठे संकट ठरले. नव्या कौलांची खाच जुन्यांत बसेना. शेवटी सांताक्रूझकडे एक तसलेच घर पाडत होते, तिथून टेंपो भरून आणली. त्या घराची मालकीण अंगणात खुर्ची टाकून बसली होती. तिने पैसे मोजून घेतले आणि विचारले, "तुमचं राहतंय का?" मी हो म्हटले. तिने मान हलवली आणि पुन्हा पैसे मोजले.

पाऊस आला तो सात जूनच्या आसपास, पण छप्पर आदल्या आठवड्यातच झाकले गेले होते. पहिल्या रात्री मी माडीवर बॅटरी घेऊन फिरलो. एके ठिकाणी थेंब गळत होता. तिथे कौल अर्धा इंच सरकवले. मागच्या भिंतीवरचे सिमेंट सगळे काढले आहे, पण चुना अजून चढवलेला नाही. आतली ओल आधी निघून जाऊ दे, घाई केली तर पुन्हा तेच, असे मिस्त्रींचे म्हणणे. म्हणून पावसाळाभर बाहेरून ताडपत्रीचा आडोसा लावला होता आणि विटा उघड्याच होत्या. गणपतीच्या सुमारास खालच्या चार थरांखेरीज भिंत हाताला कोरडी लागू लागली. चुना आता दिवाळीनंतर. तो परसात टाकीत भिजत पडला आहे आणि आत्या रोज झाकण उचलून पाहते. नव्या खिडकीतून स्वयंपाकघरात सकाळी नऊपर्यंत ऊन येते. डब्यांवर इतका तेलकट थर होता हे आजवर कळलेच नव्हते, अशी त्या उन्हाबद्दल तिची तक्रार आहे.

अंगणातले काँक्रीट फोडले तेव्हा खालच्या दोन पायऱ्या जशाच्या तशा निघाल्या. काळ्या दगडाच्या, मधोमध पावलांनी किंचित खोलगट झालेल्या. मी त्या कौतुकाने धुऊन काढल्या आणि आत्याला दाखवायला नेले. ती ओटीच्या काठाशी उभी राहून वरून पाहत राहिली.

"म्हणजे आता मला पाच उतरायच्या," ती म्हणाली. "कठडा कोण लावणार?"

सुतार सोमवारी येणार आहे.